रीफ टाकी मोठी करताना: जुन्या टाकीतून नव्या टाकीत कसं जायचं

रीफ टाकी म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी. ती बदलताना मासे सहसा त्याच दिवशी दगावत नाहीत. त्या रात्री सगळं झकास दिसतं, फोटोही काढून होतात. गडबड सुरू होते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मासे वरवर श्वास घेऊ लागतात, कोरल तोंड मिटून बसतात. कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं: ढवळलेल्या जुन्या वाळूतून सुटलेला अमोनिया, नाहीतर नव्या-जुन्या पाण्यातली तफावत. दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त आधीच करता येतो. म्हणूनच इथे प्रत्यक्ष हलवण्याच्या दिवसापेक्षा त्याआधीच्या दीड महिन्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

हिशेब समजायला सोपा जावा म्हणून एक उदाहरण धरू. जुनी टाकी १५० लिटरची, तिच्यात खरं पाणी १२० लिटरच्या आसपास. नवी टाकी १२० × ६० × ६० सेंमी, १२ मिमी काचेची, खाली चालू स्थितीत ८० लिटर पाणी राहणारा संप (टाकीतलं पाणी जिथे उतरतं आणि पंपाने परत वर जातं ती जोडटाकी). तुमची मापं वेगळी असतील तर आकडे बदला, क्रम तोच ठेवा.

## १. आधी वजन, मग जागा

बाहेरच्या मापांनी ही टाकी ४३२ लिटरची भरते, पण ते कागदावर. काचेची जाडी वजा केली आणि पाणी काठापासून चारेक सेंमी खाली ठेवलं की उरतात ३७० लिटर. दगड आणि वाळू जागा व्यापतात ते वेगळंच. म्हणजे हातात राहतं सुमारे ३४५ लिटर पाणी. त्यात संपचे ८० मिळवले की ४२५. पुढे औषध, डोसिंग (कोरलना लागणारं कॅल्शियम आणि कार्बोनेट पाण्यात घालणं), मीठ, सगळ्याचा हिशेब याच आकड्यावर करायचा असतो. दुकानातल्या लेबलवरच्या आकड्यात संप मिळवून डोस काढला तर तो जास्तच पडतो.

वजन असं: काच ८६ किलो, पाणी साडेतीनशेच्या थोडं वर, दगड आणि वाळू मिळून ६०, भरलेला संप ११०, स्टँड ६०. एकूण पावणेसातशे किलो, आणि तेही पाऊण चौरस मीटरपेक्षा कमी जागेत. तळमजल्यावर काँक्रीटची जमीन असेल तर फारसा विचार नको. वरच्या मजल्यावर असाल तर टाकी खोलीच्या मध्यावर ठेवू नका, भार पेलणाऱ्या भिंतीलगत किंवा बीमच्या वर ठेवा. लाकडी तुळयांची जमीन असेल तर टाकीची लांबी तुळयांना आडवी येऊ द्या. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. हा खर्च वाचवण्यात अर्थ नाही.

स्टँड जागेवर बसवल्यावर पाणसळ दोन्ही दिशांनी आणि कर्णावरही लावा. टाकीचा तळ उघड्या काचेचा असेल तर खाली फोमची चटई हवी. टाकीला खालून प्लास्टिकची चौकट असेल तर मात्र फोम घालू नका. तिथे भार चौकटीवर यायचा असतो, फोममुळे तो तळाच्या काचेवर येतो. समपातळी साधायला पाचरी ठोकायच्या त्या स्टँडखाली. टाकी आणि स्टँडच्या मधे कधीच नाही.

## २. काय काय लागेल

- झाकण असलेले खाद्यपदार्थांसाठीचे प्लास्टिक डबे किंवा ड्रम, ४० ते ६० लिटरचे चार. साबण न लागलेले.
- १५ ते १७ किलो रीफ मीठ, एकाच कंपनीचं आणि शक्यतो एकाच बॅचचं.
- शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) आरओडीआय, म्हणजे आरओ आणि डीआयोनायझरमधून काढलेलं पाणी. ४१० ते ४५५ लिटर एका दिवसात जमत नाही, आठवडाभर आधी साठवायला लागा.
- रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण मोजणारं उपकरण) आणि तो जुळवायला ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) प्रमाणित द्रावण. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला बरोबर दाखवेलच असं नाही.
- अमोनिया, अल्कलिनिटी (ढोबळमानाने पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण), नायट्रेट, फॉस्फेट यांचे टेस्ट किट. बाटलीवरची मुदत बघून घ्या.
- दोन हीटर, प्रत्येकी २०० ते २५० वॉट. एकच मोठा घेतला आणि तो चालू स्थितीत अडकला तर टाकी शिजते. छोट्यांपैकी एक अडकला तर लक्षात यायला वेळ मिळतो.
- जादाचे दोन छोटे पंप, एअर पंप, १६ मिमीची पारदर्शक नळी, बरेच जुने टॉवेल.
- नायट्राइलचे लांब हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा. हे हौसेसाठी नाही, कारण पुढे येईल.
- अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर, ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन, नायट्रिफाइंग बॅक्टेरियाची (अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंची) बाटली.

विजेच्या बाबतीत तडजोड नको. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली एकदा लोंबून मग वर गेलेली असावी, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही.

## ३. गळती आणि 'वीज गेली तर' ही चाचणी

पाइप चिकटवल्यावर सॉल्व्हंट सिमेंट पूर्ण सुकू द्या. मग साध्या नळाच्या पाण्याने टाकी काठोकाठ आणि संप चालू पातळीपर्यंत भरा, पातळीवर टेप लावून खूण करा, ४८ तास ठेवा. प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवून बघा. बोटाला न जाणवणारी पाझर कागदाला कळते.

यानंतरची चाचणी बरेच जण विसरतात. रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टाकीत ढकलणारा) चालू करून पाणी स्थिर होऊ द्या आणि प्लग खेचा. आता ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी संपमध्ये सांडतं त्या खाचेच्या) कडेवरचं पाणी आणि रिटर्नच्या तोंडापर्यंतचं पाणी, सगळं संपमध्ये उतरतं. या टाकीत १ सेंमी पाणी म्हणजे जवळजवळ ७ लिटर. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाखाली ५ सेंमी असेल तर ३४ लिटर खाली येणार, त्यात पाइपमधले दोन-तीन आणखी. संपमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते जमिनीवर. उपाय सोपा: तोंड पृष्ठभागाच्या १-२ सेंमी खालीच ठेवा. पाणी उलट खेचलं जाऊ नये म्हणून पाइपला पाडलेल्या हवेच्या भोकावर भरवसा ठेवू नका, शेवाळ किंवा एखादी गोगलगाय ते कधी बुजवेल सांगता येत नाही. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचंही (पाणी उलट येऊ न देणाऱ्या झडपेचंही) तेच, आत वाळूचा एक कण अडकला की तो बंद होत नाही.

वीज गेली असता संपमध्ये पाणी जिथवर चढलं तिथे पक्की रेघ मारा. ही चाचणी चार-पाच वेळा करा, मग पाणी काढून टाका. पाइपमधला कचरा आणि सिमेंटचा अंशही त्याबरोबर निघून जातो.

## ४. दगड महिनाभर आधी, जुनी वाळू कधीच नाही

टाकीतले उपयोगी जीवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते दगडांच्या आणि इतर पृष्ठभागांच्या छिद्रांत चिकटून असतात. म्हणून जुने दगड ओले आणि जिवंत नव्या टाकीत पोचवले की तुमची जैविक गाळणीच तिथे पोचली. जुनं पाणी किती नेलं याने त्यात विशेष फरक पडत नाही.

नवे कोरडे दगड घालणार असाल तर ते चार ते सहा आठवडे आधी खाऱ्या पाण्याच्या ड्रममध्ये पंप आणि हीटर लावून ठेवा. दगडात सुकलेले जुने जीव असतात, शिवाय कोरडा दगड फॉस्फेट सोडत राहतो. दर आठवड्याला फॉस्फेट मोजा, वाढलं तर पाणी बदला. जुन्या टाकीतला मुठीएवढा एक दगड ड्रममध्ये टाकला की जीवाणू पसरायला लागतात. ड्रम ठेवायला जागा नसेल तर नवे दगड घालूच नका. मोठ्या टाकीत दगड थोडे दिसले म्हणून काही बिघडत नाही.

आता वाळू. जुन्या वाळूत काही वर्षांची विष्ठा, उरलेलं अन्न आणि मेलेल्या किड्यांचा चुरा साचलेला असतो. जाड थराच्या तळाशी ऑक्सिजन नसतो, तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. काचेलगत काळे पट्टे दिसतात आणि ढवळल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो, तो त्याचाच. जागच्या जागी ही वाळू निरुपद्रवी असते, फावडं लावलं की सगळं एकदम पाण्यात. 'धुऊन वापरतो' म्हणणाऱ्यांची वाळू पंधराव्या बादलीलाही गढूळच निघते. नवी घ्या. वरच्या सेंटिमीटरभर थरातली एक-दोन कप जिवंत वाळू तेवढी बियाण्यासारखी वापरा.

३ सेंमी थरासाठी या टाकीला २० लिटर, म्हणजे साधारण ३० किलो अ‍ॅरागोनाइट वाळू लागते. थोडी थोडी बादलीत घेऊन पाणी नितळ होईपर्यंत नळाखाली धुवा, शेवटचं पाणी आरओडीआयचं.

## ५. नवं पाणी जुन्यासारखं करा

टाकी आणि संप मिळून ४२५ लिटर. जुन्या टाकीतून स्वच्छ असं १०० लिटर मिळेल, उरलेलं ३२५ लिटर नवं बनवायचं. लिटरला ३७ ग्रॅम धरलं तर १२ किलो मीठ. वेगळे ड्रम कशाला, नव्या टाकीतच बनवा. त्यात दगडांसाठी आणि जुन्या पाण्यासाठी आपोआप जागा राहते. पंप चालू ठेवून मीठ हळूहळू सोडा, २४ तास फिरू द्या, तापमान २५-२६ अंश, क्षारता ३५ पीपीटी. जुनी टाकी ३३ वर चालत असेल तर आधीच्या दोन आठवड्यांत तिला ३५ वर आणा, हलवण्याच्या दिवशी नाही. दर खेपेला एकेक पीपीटीपेक्षा जास्त उडी नको. हे पाणी बनवून आठवडेच्या आठवडे गरम ठेवू नका, हीटरवर कार्बोनेटचा पांढरा थर बसून अल्कलिनिटी घसरते.

खरी मेख अल्कलिनिटीत आहे. समजा जुनी टाकी ८ डीकेएचवर (अल्कलिनिटी मोजायचं एकक) आहे आणि मिठाचं पाणी ११ देतं. १०० लिटर आठचं आणि ३२५ लिटर अकराचं मिसळलं की येतात १०.३. म्हणजे एका दिवसात सव्वादोनची उडी. एरवी १० टक्के पाणी बदलताना हा फरक जाणवतच नाही, म्हणून कुणी मोजत नाही. इथे तीन-चतुर्थांश पाणी नवं आहे. अ‍ॅक्रोपोरासारख्या एसपीएस (बारीक तोंडांच्या, टणक सांगाड्याच्या) कोरलची टोकं यात जळतात, नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ असेल तर जास्तच. दोन वाटा आहेत: ८-८.५ देणारं मीठ निवडा, किंवा जुनी टाकी दिवसाला ०.३ ते ०.५ डीकेएच अशा गतीने आधीच वर न्या. पहिली वाट जास्त सुरक्षित.

## ६. आदला आठवडा

या आठवड्यात नवा जीव आणायचा नाही. एप्टेशिया (तणासारखं पसरणारं छोटं अ‍ॅनिमोन) दिसत असेल तर आत्ताच मारा, नव्या दगडांवर पसरली की आवरत नाही. छोट्या पंपाने दगडांवरचा गाळ उडवा आणि सायफनने खेचून घ्या. कोरल कुठे, कोणत्या उंचीवर आणि कोणत्या तोंडाने आहेत याचे फोटो काढा. पार मीटर (कोरलना उपयोगी पडणारा प्रकाश, म्हणजे पार मोजणारा) मिळाला तर प्रत्येक कोरलजवळचं वाचन लिहून ठेवा, नव्या दिव्याखाली जागा शोधताना हा कागद सोन्याचा ठरतो. आदल्या दिवशी माशांना खायला देऊ नका.

## ७. हलवण्याचा दिवस

सकाळी लवकर सुरू करा, दुसरा एक माणूस हाताशी ठेवा. सात-आठ तास जातात.

पाणी आधी. कशालाही हात लावायच्या आधी, गढूळ व्हायच्या आत, वरचं स्वच्छ पाणी सायफनने डब्यांत भरा. एक डबा कोरलसाठी, दोन दगडांसाठी, एक झाकणाचा माशांसाठी. प्रत्येकात पंप किंवा एअर स्टोन. माशांच्या डब्यात पाइपचे दोन-तीन तुकडे टाका, लपायला जागा मिळाली की ते शांत राहतात.

मग कोरल. बहुतेक कोरल काही मिनिटं हवेत राहिले तरी चालतं. पण ट्रॅकीफिलिया, युफिलियासारखे फुगणारे कोरल तसेच वर उचलू नका. मांसल भागात भरलेल्या पाण्याचं वजन खाली ओढतं आणि सांगाड्याच्या धारेवर ऊती फाटते. पाण्याखालीच हलकेच हलवा, तो आकसेपर्यंत थांबा, मग खालून वाडगं घालून पाण्यासकट उचला. फाटलेल्या जागी तपकिरी जेलीसारखा संसर्ग झाला तर अख्खं डोकं जातं.

सी-अ‍ॅनिमोन दगडावर असेल तर दगडासकट न्या. काचेवर असेल तर तळपाय नखाने खरवडू नका. बोटाच्या पोटाने कडेकडेने सोडवत जा, पाय फाटलेला अ‍ॅनिमोन क्वचितच सावरतो. नव्या टाकीत तो जागा शोधत फिरणार, म्हणून आठवडाभर वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह तयार करणाऱ्या पंपांच्या) तोंडांना जाळी लावा.

दगड. इथे हातमोजे आणि चष्मा. झोअँथिड आणि पॅलिथोआ या कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. ते कापलेल्या बोटातून किंवा डोळ्यात उडालेल्या थेंबातून शरीरात जातं आणि माणूस गंभीर आजारी पडतो. असे दगड कोरडे घासायचे नाहीत, गरम पाण्याखाली धरायचे नाहीत, उकळायचे तर मुळीच नाहीत. वाफेतून बाधा होऊन घरातली सगळी माणसं रुग्णालयात गेल्याच्या घटना झालेल्या आहेत.

दगड डब्यातल्या जुन्या पाण्यात खळबळून घ्या, भुरभुर गाळ तिथेच सुटू द्या. हवेत कमीत कमी काळ राहू द्या, दगडाखालचे स्पंज हवा लागली की मरतात आणि मग तेच सडतात. नव्या टाकीत दगड थेट तळकाचेवर बसवा, वाळू नंतर भोवतीने. वाळूवर दगड रचले तर पिस्टल श्रिंप आणि गोबी खालून पोखरतात आणि एका रात्री ढीग कोसळतो. काच पुसायचं चुंबक फिरेल इतकी, निदान ८-१० सेंमी जागा चारही बाजूंनी सोडा.

मासे शेवटी. दगड असताना मासा पकडायला जाऊ नका, दोघंही दमाल. दगड निघाले आणि पाणी १५ सेंमीवर आलं की पारदर्शक डब्याने ते पाच मिनिटांत हाती येतात. जाळं टाळा. एंजलफिशच्या गालावरचा काटा जाळ्यात अडकतो. रॅबिटफिशच्या पाठीवरचे काटे विषारी असतात, त्याला हातात धरू नका. माशांची मोजणी करा. एखादा रॅस (वाळूत लपणारा मासा) कमी भरला तर तो बहुधा वाळूत आहे. वाळू ओंजळीओंजळीने काढा, फावड्याने नाही.

नव्या टाकीत भरणं. दगड, मग वाळू, मग कोरल, मग डब्यांतलं वरचं स्वच्छ पाणी. वाळू रुंद पाइपमधून तळाशी सोडली तर धुरळा कमी उठतो. डब्याच्या तळाचं गढूळ पाणी फेकून द्या, त्याचा मोह नको. संप चालू करून तापमान आणि क्षारता पुन्हा मोजा. मग माशांच्या डब्यात नव्या टाकीचं पाणी नळीने थेंबथेंब सोडा, ३०-४० मिनिटं. कोळंबी, तारामासे, समुद्री अर्चिन यांना तासापेक्षा जास्त द्या.

पाणी ढगाळ दिसलं म्हणून घाबरू नका, दोन दिवसांत नितळतं. स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र) वेड्यासारखा फेस काढेल. कप भरून वाहू लागला तर दोन-तीन दिवस हवा कमी ठेवा, हात घालून सारखा जुळवत बसू नका.

## ८. पहिले सात दिवस

त्या दिवशी दिवे नाहीत. बॅक्टेरियाची बाटली आणि कार्बन त्याच संध्याकाळी. अमोनिया सकाळ-संध्याकाळ मोजा. शून्य हवा. ०.२५ पीपीएम दिसला तर कंडिशनर घाला, २०-३० टक्के पाणी बदला आणि खाणं थांबवा. पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग मोठा, त्यामुळे खाऱ्या पाण्यात 'थोडासाच आहे' हा दिलासा खोटा. या कामासाठी ८५ ते १३० लिटर तयार खारं पाणी बाजूला राखून ठेवा. कंडिशनर घातल्यावर बरेच किट बांधलेला अमोनियाही दाखवत राहतात, तेव्हा आकडा लगेच उतरला नाही तर दुप्पट डोस मारू नका. माशांचा श्वास बघा.

## ९. पुढचे दीड-दोन महिने

दिवा जुन्या टाकीतल्या पारच्या निम्म्यावर सुरू करा आणि आठवड्याला ५ ते १० टक्के वाढवा. नवा दिवा बहुधा जास्त ताकदीचा असतो आणि नवं पाणी जास्त नितळ, त्यामुळे कोरल भाजतात ते इथेच. सॉफ्ट कोरलना ५० ते १५० पार पुरतो, एसपीएसना २०० ते ३५०.

डोसिंगमध्ये एक चूक फार होते: टाकी तिप्पट झाली म्हणून रोजचा डोस तिप्पट. कोरल तेवढेच आहेत, ते कॅल्शियम आणि कार्बोनेट तेवढंच खाणार. रोजचे मिलिलिटर जुनेच ठेवा, कोरल वाढतील तसे वाढवा. एकदाच करायची दुरुस्ती मात्र नव्या लिटरवर काढायची, म्हणजे ७.५ वरून ८ वर न्यायचं असेल तर ४२५ लिटर धरून. दोन आठवडे अल्कलिनिटी रोज मोजली की खप कळतो.

बाष्पीभवन वाढेल, ऑटो टॉप-ऑफची (उडालेलं पाणी आपोआप भरून काढणारी) टाकी त्या मानाने मोठी हवी. नव्या वाळूवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येणार. चार-सहा आठवड्यांत जातात, औषधांच्या मागे लागू नका. रिकामी जागा बघून नवे मासे आणायचा हात शिवशिवतो, पण पहिले सहा आठवडे नाही. नंतरही एका वेळी एक किंवा एक जोडी.

जुनी टाकी लगेच विकू नका. पहिला महिनाभर ती भरायच्या स्थितीत ठेवा. नव्या टाकीला काही झालं तर परत जायला तीच जागा आहे, आणि पुढे नवे मासे विलगीकरणात ठेवायला तिच्याइतकी सोयीची टाकी दुसरी मिळणार नाही. फक्त तिच्यातली वाळू त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर दोन दिवसांत अख्ख्या घरात वास सुटेल.